घारापुरी राहिलीच

गेट वे ऑफ इंडियापासून सुटणारी लाँच तासाभरात घारापुरीच्या धक्क्याला लागते. बेटावरची लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि तिथल्या त्रिमुखी सदाशिवाचे छायाचित्र शाळेच्या पुस्तकापासून कॅलेंडरपर्यंत सगळीकडे छापून येते. लाँचच्या वरच्या मजल्यावर मात्र बहुतेक परगावची आणि परदेशची मंडळी बसलेली असतात. दादर, मुलुंड किंवा बोरिवलीत सारे आयुष्य गेलेले एखादे कुटुंब त्यांत दिसलेच, तर सोबत पाहुणे असण्याची शक्यता मोठी. मुंबईत पन्नास वर्षे राहून घारापुरी न पाहिलेला माणूस शोधावा लागत नाही. त्याचे उत्तरही ठरलेले असते: ‘जायचंय एकदा.’ पुण्यात हेच उत्तर राजा दिनकर केळकर संग्रहालयाबद्दल आणि आगाखान पॅलेसबद्दल ऐकू येते, आणि लिबर्टी बेटावर कधीच न गेलेले न्यूयॉर्कवासी तर तिकडच्या विनोदांचा कायमचा विषय आहेत.

याचे कारण सांगताना ‘अतिपरिचयात अवज्ञा’ हे वचन हमखास पुढे येते. ते इथे नीट बसत नाही. अवज्ञेआधी परिचय व्हावा लागतो. ज्याने लेणी पाहिलीच नाहीत, त्याला त्यांचा कंटाळा कुठून येणार? उलट घारापुरीचा विषय निघाला की हीच माणसे तिची थोरवी सांगतात आणि नागपूरच्या मेहुण्याला ‘वेळ काढून जाऊनच या’ म्हणून बजावतात. ‘पिकते तिथे विकत नाही’ ही म्हण थोडी जवळ जाते, पण तीही अर्धीच. गिऱ्हाइकाला माल हवा असतो, फक्त दुकान रोजचे असल्यामुळे तो उद्या घेऊ असे त्याला वाटते.

या ‘उद्या’चा अभ्यास झालेला आहे. सुझन शू आणि आयेलेट नीझी या दोन अमेरिकी संशोधकांनी २०१० मध्ये आनंदाच्या गोष्टी माणसे पुढे का ढकलतात, यावर निबंध प्रसिद्ध केला. शिकागो, डॅलस आणि लंडन या शहरांतल्या लोकांना त्यांनी प्रेक्षणीय स्थळांबद्दल विचारले. तिथे येऊन वर्ष झालेल्या रहिवाशांपेक्षा दोन-तीन आठवड्यांसाठी आलेल्या पाहुण्यांची जास्त ठिकाणे पाहून झाली होती. रहिवाशांनी जी पाहिली होती, त्यांतली बरीच कुणाला तरी दाखवायला म्हणून किंवा शहर सोडायची वेळ आली म्हणून. दुसऱ्या एका प्रयोगात काही जणांना केक-पेस्ट्रीच्या दुकानाची भेट-कुपने दिली. निम्म्यांच्या कुपनाची मुदत तीन आठवडे होती, निम्म्यांची दोन महिने. लांब मुदतवाल्यांना आपण कुपन नक्की वापरू असा भरवसा अधिक होता. प्रत्यक्षात तीन आठवडेवाल्यांपैकी ३१ टक्के लोकांनी ते वापरले आणि दोन महिनेवाल्यांपैकी अवघ्या ६ टक्क्यांनी. कुपन वाया गेल्यावर बहुतेकांची सबब अशीच होती की वेळ झाला नाही, नंतर जाऊ म्हणता म्हणता राहून गेले.

आळसाचा वाटा इथे फार मोठा नाही. टाळलेले काम नावडते असते तर आळस म्हणता आले असते. वीजबिल किंवा दाताचा डॉक्टर टाळण्यामागची वृत्ती पेस्ट्री टाळण्यामागे नसते. माणसाचा खरा घोळ होतो तो पुढच्या वेळेच्या हिशेबात. हा आठवडा गर्दीचा आहे, पुढचा महिना मोकळा असेल, असे जवळपास प्रत्येकाला वाटते. पैशाबाबत तो इतका आशावादी नसतो, वेळेबाबत असतो. पर्यटकाच्या खिशात मात्र परतीचे तिकीट असते. त्याची मुंबई गुरुवारी रात्री संपणार असते, म्हणून बुधवारी पाऊस भुरभुरत असला तरी तो फिरायला निघतो. रहिवाशाची मुंबई संपतच नाही, त्यामुळे घारापुरीचा नंबरही लागत नाही.

त्यात रोजच्या जगण्याच्या अडचणी भर घालतात, आणि त्यांना सबबी म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल. डोंबिवलीहून फोर्टात कामाला येणारा माणूस आठवड्याचे सहा दिवस लोकलमध्ये उभा असतो. घारापुरीची लाँच सुटते तो अपोलो बंदरचा धक्का त्याच्या कचेरीपासून फार तर वीस मिनिटांच्या चालीवर असेल. पण सुटीच्या दिवशी तिथे जायचे म्हणजे सातव्यांदा तोच प्रवास करायचा, आणि रविवारी मेगाब्लॉक. कामाच्या दिवशी रजा टाकून जावे तर सोमवारी लेणी बंद. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी, भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. पर्यटक हे वार पाहूनच सहल आखतो. रहिवासी एखाद्या दिवशी सहज म्हणून निघतो, आणि नेमका तोच वार बंदचा निघतो. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँचही बंद ठेवल्या जातात. तिकिटाचा प्रश्न त्या मानाने किरकोळ आहे. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तर तिकीटच लागत नाही.

याखेरीज एक कारण आहे, ते जरा खोलवरचे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॉन उरी यांनी १९९० च्या आपल्या पुस्तकात पर्यटकाच्या नजरेचा विचार मांडला. रोजच्या जगण्यापासून दूर गेल्यावरच माणूस ‘पाहायला’ लागतो, असा त्याचा गाभा. रहिवाशाचे आपल्या शहराशी नाते मुख्यतः वापराचे असते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे त्याचे उत्तम उदाहरण. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखलेल्या या इमारतीचे बांधकाम १८७८ ते १८८८ असे दहा वर्षे चालले. २००४ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. रोज लाखो लोक इथे उतरतात. पण लोकलचा प्रवासी फलाटावरून भुयारी मार्गात शिरतो आणि रस्त्यापलीकडे वर येतो, तेव्हा इमारत त्याच्या पाठीशी असते. घुमटावर हातात मशाल घेतलेली प्रगतीची मूर्ती आहे, फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ आहे, हे तीस वर्षे पास काढलेल्या माणसाला ठाऊक नसले तर नवल नाही. त्याला सी.एस.एम.टी. ठाऊक आहे ती वेगळ्या अर्थाने: कोणत्या डब्यातून उतरले की जिना समोर येतो, कोणत्या फलाटावर जलद गाडी लागते. पर्यटकाला यातले काहीच माहीत नसते. समोरच्या महापालिका मुख्यालयाची तीच गत. तीही इमारत स्टीव्हन्सचीच, १८९३ मध्ये पूर्ण झालेली. सामान्य मुंबईकर तिथे गेला तर काम घेऊन, अर्ज-विनंत्या करायला. नुसती इमारत पाहण्यासाठी तिची दारे उघडली ती २०२१ मध्ये, शनिवार-रविवारच्या वारसा फेऱ्या सुरू झाल्यावर.

पुण्यात हा वापर आणखी ठसठशीत दिसतो. पहिल्या बाजीरावाने १७३० मध्ये ज्याची पायाभरणी केली, तो शनिवारवाडा अनेक पुणेकरांच्या लेखी बसचा थांबा, सभेचे पटांगण आणि ‘दिल्ली दरवाज्यापाशी भेटू’ असे सांगायची खूण आहे. आतले हजारी कारंजे पाहिले ते बहुधा शाळेत असताना. जंगली महाराज रस्त्यावर खरेदीला आलेल्या गर्दीला पाताळेश्वराचे आठव्या शतकातले लेणे भर वस्तीत, हाकेच्या अंतरावर असते. पर्वतीची कथा तर गमतीची आहे. टेकडीच्या शंभराहून अधिक पायऱ्या रोज पहाटे चढणारे पुणेकर शेकड्यांनी आहेत. काही जण दोनदा-तीनदा चढतात आणि पायऱ्यांचा हिशेब ठेवतात. माथ्यावर पेशव्यांच्या काळातल्या वस्तूंचे छोटे संग्रहालय आहे. १७६१ मध्ये, पानिपतानंतर काही महिन्यांत, नानासाहेब पेशव्यांनी प्राण सोडला तो याच टेकडीवर. चालायला येणारा तिथून घाम पुसत उतरतो. संग्रहालयात शिरतो तो पुणे दर्शनच्या बसमधून आलेला.

म्हणजे स्थानिक माणूस प्रेक्षणीय स्थळी जातच नाही, असे नाही. सिंहगडावर पुणेकर दर रविवारी लोटतात, पण पिठले-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातल्या दह्यासाठी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सकाळी फिरणाऱ्यांची रीघ असते. फाटकापासून काही किलोमीटर आत, डोंगरात कोरलेल्या शंभराहून अधिक कान्हेरी लेण्यांच्या आधीच बहुतेक जण मागे वळतात. एखादे ठिकाण रोजच्या किंवा आठवड्याच्या कुठल्यातरी सवयीत बसले की ते आपले होते. सवयीत न बसणारे संग्रहालय, मग ते कितीही जवळ असो, दूरच राहते. केळकर संग्रहालय बाजीराव रस्त्यालगत आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, वज्री, गंजिफा, कोरीव दरवाजे अशा वीस हजारांवर वस्तू देशभर फिरून गोळा केल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह सरकारच्या हवाली केला. हे सगळे आपल्याच आजीच्या घरातले, म्हणून ते पाहायला काय जायचे, असे वाटण्याची पिढी आता सरली. वज्री म्हणजे काय हे नव्या पिढीला सांगावे लागते.

स्थानिकांना बाहेर काढणारी सर्वांत भरवशाची गोष्ट म्हणजे पाहुणे. मे महिन्यात बहीण मुलांना घेऊन येते, अमेरिकेतला पुतण्या तीन आठवड्यांच्या सुटीवर उतरतो आणि त्याची यादी तयार असते. यजमान मग वाटाड्या म्हणून निघतो आणि लेण्यापाशी पोचल्यावर पाटी वाचून माहिती सांगतो. ‘आम्हीही पहिल्यांदाच पाहतोय’ ही कबुली बहुधा परतीच्या लाँचमध्ये दिली जाते. बदली किंवा परदेशी जाणे हे दुसरे निमित्त. सामान बांधायच्या शेवटच्या पंधरवड्यात माणसे आपले शहर पर्यटकासारखी पाहून घेतात.

जी गोष्ट कायमची जाणार असे कळते, तिच्याबाबतही असेच होते. मुंबईत १९३७ पासून धावणाऱ्या बेस्टच्या जुन्या दुमजली बसची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ रोजी झाली, तेव्हा तिला हार घालायला आणि वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीपाशी बसून घ्यायला लोक जमले. आदल्या वर्षी त्याच बसमध्ये ती जागा दुपारच्या वेळी रिकामी सापडत असे. कुपनावर मुदत छापली गेली, एवढाच काय तो फरक.

धर्माचे निमित्त याहून जुने आहे आणि तारीख तेही पक्की देते. महाशिवरात्रीला घारापुरीला जत्रा भरते आणि उरणकडच्या मोरा बंदरातून होड्या भरून भाविक येतात. ते लेणी पाहायला येत नाहीत, शंकराच्या दर्शनाला येतात, आणि लेणी पाहिलेल्या स्थानिकांची संख्या बहुधा त्यांच्यामुळेच बरी राहिली आहे. (घारापुरी मुळात रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात मोडते. तेव्हा ‘आपल्या शहरातले ठिकाण’ हा मुंबईकरांचा दावा कागदोपत्री तितका खरा नाही.)

पर्यटनाची व्यवस्था रहिवाशाला धरून आखलेलीच नसते, हेही खरे. मुंबई दर्शन, पुणे दर्शन या नावांतच बाहेरून आलेला माणूस गृहीत आहे. शाळेच्या सहली शहराबाहेर, प्रतापगड-पन्हाळ्याकडे जातात; मुंबईतल्या शाळेने मुलांना सी.एस.एम.टी.ची इमारत दाखवायला नेले, तर पालकांना ती सहल वाटणार नाही. बार्सिलोनाने यावर सरळ उपाय केला. २०१३ मध्ये तिथल्या पार्क ग्वेलच्या मुख्य भागाला तिकीट लागले, तेव्हा शहरात राहणाऱ्यांना नोंदणी करून फुकट जाण्याची सोय ठेवली गेली. गर्दीमुळे मात्र तिथल्या कित्येकांनी आपल्याच शहराच्या मध्यभागाकडे पाठ फिरवली आहे. २०२० च्या उन्हाळ्यात पर्यटक नसताना सग्रादा फमिलिया हे चर्च पुन्हा उघडले, ते आधी साथीत झटलेल्या स्थानिक कर्मचाऱ्यांसाठी. आपल्याकडे १८ एप्रिलच्या जागतिक वारसा दिनी पुरातत्त्व खाते प्रवेश मोफत ठेवते, पण तो दिवस शाळा-कॉलेजांच्या परीक्षांच्या आणि उन्हाच्या ऐन मध्यावर येतो.

मुंबईकरांना घारापुरीचा एक तुकडा तरी नकळत दिसलेला असतो. बेटाच्या धक्क्याजवळ दगडी हत्ती होता. पोर्तुगिजांनी त्यावरूनच बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ मध्ये तो हत्ती इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, पण उचलताना साखळी तुटली आणि त्याचे तुकडे झाले. ते मुंबईत आणले गेले आणि १९१४ मध्ये पुन्हा जुळवून उभे केले गेले. सध्या तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगाला आहे. रविवारी पेंग्विन पाहायला आलेल्या कुटुंबांची रांग त्याच्यापासून फार दूर नसते.