रेडिएटर आणि त्यातले पाणी

गडहिंग्लजहून आजऱ्यामार्गे आंबोली घाट उतरून सावंतवाडीला गेलेली गाडी परतताना दाणोलीच्या पुढे चढणीला लागते, आणि सुमारे 690 मीटर उंचीवरच्या आंबोलीपर्यंत ती खालच्या गियरमध्ये चढवावी लागत असल्याने इंजिन थंड राखणाऱ्या व्यवस्थेची खरी कसोटी याच टप्प्यात लागते. जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने तिसरा हिस्सा इंजिनातल्या पोकळ्यांमधून फिरणारा द्रव वाहून नेतो. पाण्याचा पंप त्याला ढकलतो, थर्मोस्टॅट ही उष्णतेने उघडणारी झडप बहुतेक गाड्यांत 82 ते 88 अंश सेल्सिअसच्या आसपास त्याला वाट देते, आणि रेडिएटरच्या चपट्या नळ्यांतून जाताना तो आपली उष्णता हवेच्या स्वाधीन करतो. पाणी थोडे पण हवेला भिडणारा पृष्ठभाग मोठा, हे तत्त्व विल्हेल्म मायबाख यांनी 1901 च्या सुमारास मर्सिडीज गाडीच्या रेडिएटरमध्ये 8,070 बारीक चौकोनी नळ्या बसवून ठळकपणे सिद्ध केले होते.

तांबे-पितळेचा जुना रेडिएटर गळू लागला की त्याला डाग देता येई, म्हणजे कथिल-शिशाची झाळ लावून छिद्र बुजवता येई, आणि चोक झालेल्या नळ्यांत सळ्या घालून त्या साफही करता येत. आजच्या रेडिएटरमध्ये ॲल्युमिनियमच्या गाभ्याला प्लास्टिकच्या टाक्या रबरी पट्टीवर दाबून बसवलेल्या असल्यामुळे, टाकीला तडा गेल्यावर अख्खा रेडिएटर बदलणेच बहुधा शहाणपणाचे ठरते.

‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कुलंट कशाला?’ हा प्रश्न वरवर रास्त वाटतो, कारण कुलंटमधल्या इथिलीन ग्लायकॉलचा एक गुण गोठणे टाळण्याचा आहे आणि गडहिंग्लजला त्याची गरज नाही. मात्र त्याच कुलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात, आणि येथे ती अत्यावश्यक आहेत. बोअरच्या जड पाण्यातले क्षार तापल्यावर नळ्यांच्या आत थर धरतात, हा थर उष्णता अडवतो, आणि नवा रेडिएटरही काही काळाने जुन्यासारखाच वागू लागतो. म्हणून तयार कुलंट, किंवा उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात ऊर्ध्वपातित पाणी मिसळलेले कुलंट, एवढेच आत जावे.

झाकणाचे कामही केवळ झाकण्याचे नाही. ते आत सुमारे एक बार जादा दाब राखते, आणि त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा 120 अंशांच्या आसपास उकळते, तर आंबोलीच्या उंचीवर उघड्यावर ते 98 अंशांच्या आधीच उकळू लागते. त्यामुळे तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडताच दाब सुटून आतला द्रव क्षणात वाफ होऊन उसळतो आणि चेहरा-हात भाजतात. म्हणूनच कामाला हात लावायचा तो इंजिन पूर्ण निवल्यावरच.

जुना द्रव काढून, आतला गाळ धुऊन, नवा रेडिएटर बसवताना फुगलेले किंवा चिरलेले होज पाईप आणि सैल क्लिपाही बदलाव्या लागतात. सर्वांत नाजूक भाग मात्र हवा काढण्याचा असतो. कुलंट सावकाश ओतावे लागते, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू ठेवावे लागते, आणि वरचा पाईप गरम होऊन पंखा आपोआप सुरू होईपर्यंत थांबावे लागते; कारण सिलिंडर हेडमध्ये अडकलेला हवेचा एक फुगाही तेथील धातू इतका तापवू शकतो की हेड वाकते आणि गॅस्केट जाते. इंजिन निवल्यावर पातळी पुन्हा पाहून भर घालावी लागते. काढलेले कुलंट चवीला गोड आणि विषारी असल्यामुळे कुत्री-मांजरे ते चाटून दगावतात, तेव्हा ते हिरण्यकेशी नदीकडे वाहणाऱ्या गटारात न सोडता झाकणबंद डब्यात साठवून विल्हेवाटीसाठी द्यावे.