कानातली हातोडी आणि जबड्याचा सांधा

माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर यांतली हाडं शेजारीशेजारी मांडलेलं चित्र शाळेच्या पुस्तकात बहुतेकांनी पाहिलेलं असतं. त्यावरून ‘जे सारखं दिसतं ते एकाच पूर्वजाकडून आलेलं’ असा समज होतो. तो चुकीचा आहे. शार्क आणि डॉल्फिन किती सारखे दिसतात! पण तो पाण्यातल्या जगण्याचा परिणाम. डॉल्फिनच्या परात दंड, मनगट, बोटं यांची हाडं सापडतात. शार्कच्या परात ती रचनाच नाही. समजात अवयव, म्हणजे मूळ रचना एकच असलेले अवयव, ओळखताना रूप किंवा काम पाहत नाहीत. हाडांचा क्रम, त्यांची जोडणी आणि भ्रूणातली वाढ पाहतात.

या समजापेक्षा एक आक्षेप अधिक वजनदार आहे. पूर्वज एक म्हणून अवयव समजात, आणि अवयव समजात म्हणून पूर्वज एक, हा युक्तिवाद स्वतःभोवतीच फिरत नाही का? नाही. रिचर्ड ओवेन यांनी समजात अवयवांची व्याख्या १८४३ मध्ये केली, डार्विनच्या उत्क्रांतीवरच्या ग्रंथाच्या १६ वर्षं आधी. त्याहून आधी, १८३७ मध्ये, कार्ल रायखर्ट यांनी डुकराचे भ्रूण तपासून सांगितलं, की आपल्या मधल्या कानातली हातोडी आणि ऐरण ही सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जबड्याच्या सांध्यातलीच हाडं आहेत. ऐकणाऱ्याचा विश्वास बसू नये असंच हे विधान! शिवाय ते खरं असेल, तर जबड्याचे, सरपटणाऱ्यांचा जुना आणि सस्तनांचा नवा असे, दोन्ही सांधे असलेला प्राणी कधीतरी होऊन गेला असला पाहिजे. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गानुकोडॉन या सस्तनांच्या जवळच्या प्राण्याच्या जीवाश्मात ते दोन्ही सांधे आहेत. ऑपॉसम या पिशवीधारी सस्तन प्राण्याच्या नवजात पिलात तर ही हाडं आजही जबड्याला जोडलेली असतात आणि पिलू वाढताना सुटून कानात जातात.

‘एकाच निर्मात्याने एकच आराखडा पुन्हा पुन्हा वापरला’ असंही म्हटलं जातं. मग निकामी भागही तेच का? गाय, कुत्रा यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होतं, आपल्या शरीरात होत नाही. त्यासाठी लागणारं जनुक आपल्याकडे आहे, पण मोडलेलं. चिंपँझी आणि माकडांमध्येही ते मोडलेलं आहे आणि मोडतोडीच्या बऱ्याच खुणा आपल्यासारख्याच आहेत. गिनीपिगमध्येही हे जनुक निकामी आहे, पण तिथल्या मोडतोडीचा नमुना वेगळा आहे.