संत्र्यावर आळ नको

मृग बहार आला की वरुड-मोर्शीपासून अकोटपर्यंत संत्र्याचे ढीग लागतात. रक्तदाबाची गोळी घेणारे मग विचारतात, ‘‘संत्रा चालते ना?’’ प्रश्न रास्त आहे, कारण गोळी गिळली म्हणजे ती सगळी रक्तात पोचली, असं होत नाही.

लहान आतड्याच्या अस्तरात ‘सीवायपी३ए४’ नावाचं विकर म्हणजे एन्झाइम असतं. हा आपला नाकेदार. औषध पेशींतून पलीकडे जाताना तो त्याचा काही भाग तिथंच मोडून टाकतो. उरलेल्याची झडती यकृत घेतं. फेलोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या गोळीतला जेमतेम १५ टक्के भाग रक्तात पोचतो. डोस ठरवताना ही घट आधीच धरलेली असते.

कॅनडातले डेव्हिड बेली १९८९च्या सुमारास या गोळीवर मद्याचा परिणाम तपासत होते. मद्याची चव झाकायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तातलं औषध भलतंच वाढलेलं दिसलं! १९९१च्या प्रयोगात ते पाण्याबरोबर घेतल्याच्या सरासरी २८४ टक्के भरलं. रसातली फ्युरॅनोकुमारिन्स नाकेदारालाच निकामी करतात. नवं विकर तयार व्हायला एक ते तीन दिवस लागतात. म्हणून रस सकाळी आणि गोळी रात्री, ही युक्ती फसते.

त्याच प्रयोगात साध्या संत्र्याच्या रसानं असं काही केलं नाही. सांभाळायचं ते ग्रेपफ्रूट आणि त्याचं भावंड पपनस. कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पपनस सोलूच नये.