आभासी प्राण्यांची उत्क्रांती आणि जनुकीय मांडणीचा प्रश्न

प्रस्तावना :
उत्क्रांतीचे तत्त्व संगणकात राबवून नवे देह व नवी वर्तने निर्माण करता येतील काय, हा कृत्रिम जीवन या संशोधनशाखेपुढील मूलभूत प्रश्न आहे. पुनरुत्पादन, उत्परिवर्तन आणि निवड या प्रक्रिया संगणकात आणणे तुलनेने सोपे असते. अवघड असते ते जनुकांत नेमके काय लिहावे हे ठरविणे. प्रस्तुत लेखात या मांडणीच्या दोन प्रमुख प्रकारांचा विचार केला आहे.

प्रत्यक्ष मांडणी :
या प्रकारात शरीराच्या प्रत्येक भागाची स्वतंत्र नोंद असते. हॉड लिप्सन व जॉर्डन पोलॅक यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सळ्या व कृत्रिम चेतापेशी यांची अशीच नोंद होती. त्यातून उत्क्रांत झालेली काही यंत्रे त्रिमितीय मुद्रणाने प्रत्यक्षातही उतरविण्यात आली. या मांडणीत लहान बदलाचा परिणाम सहसा लहान राहतो. मात्र पुनरावृत्त रचना तिला जड जाते. चार पायांच्या प्राण्याचे सर्व पाय सारखे लांब व्हायचे तर चार स्वतंत्र उत्परिवर्तने घडावी लागतात. एकच पाय लांबलेला प्राणी लंगडतो आणि पुढील बदल होण्यापूर्वीच निवडीत बाद होऊ शकतो.

विकासात्मक मांडणी :
येथे जनुकांत शरीराचे वर्णन नसून शरीर घडविण्याची कृती असते. कार्ल सिम्स यांनी १९९४ साली दिशायुक्त आलेखाचा उपयोग केला. आलेखातील बिंदू म्हणजे अवयवाची मापे व सांध्याचा प्रकार. जोडरेषा म्हणजे त्या अवयवाची जागा, दिशा व प्रमाण. जोडरेषा त्याच बिंदूकडे परत वळली की साखळीसारखे शरीर तयार होते. एकाच बिंदूकडे अनेक जोडरेषा गेल्या की सारखे पाय तयार होतात. त्यामुळे एका उत्परिवर्तनाने सर्व पाय एकाच वेळी बदलतात.

सिम्स यांनी अवयवाच्या बिंदूतच त्याच्या नियंत्रणाच्या चेतापेशीही ठेवल्या. परिणामी अवयवाची प्रत निघताना त्याच्या मज्जाजालाचीही प्रत निघते. साधारणतः ३०० प्राण्यांच्या समूहातून ५० ते १०० पिढ्यांत पोहणारे व चालणारे प्राणी निर्माण झाले. पुढे ग्रेगरी हॉर्नबी व पोलॅक यांनी लिंडेनमायर पद्धतीच्या लेखननियमांवर आधारित मांडणीची तुलना नियमविरहित मांडणीशी केली. तेव्हा नियमाधारित प्राणी अधिक भागांचे व अधिक वेगवान आढळले.

मर्यादा :
या लाभाची किंमतही आहे. जनुकातील एक बदल सर्व शरीरभर पसरत असल्याने आधी जमलेली चाल एका पिढीत मोडू शकते. जेथे एकच अवयव वेगळा असणे हितकारक असते, तेथे पुनरावृत्तीची सोय अडथळा ठरते.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, निवड केवळ समोर आलेल्या पर्यायांतूनच होते. ते पर्याय कोणते असतील हे मांडणी ठरविते. म्हणून एखाद्या प्रयोगात सममित प्राणी आढळल्यास ते उत्क्रांतीचे यश मानण्यापूर्वी ती सममिती मांडणीतच अंतर्भूत होती काय, हे तपासणे आवश्यक ठरते.