स्वभावालाही औषध आहे

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपल्याकडे सर्रास ऐकू येते. घरातील एखादी तरुण व्यक्ती क्षणात प्रसन्न, तर क्षणात संतप्त होते. आपली माणसे आपल्याला सोडून जातील या भीतीने व्याकूळ होते. प्रसंगी स्वतःला इजाही करून घेते. नातलग ‘स्वभावच तसा’ म्हणून गप्प बसतात. परंतु ही लक्षणे वर्षानुवर्षे टिकली, तर तो स्वभावदोष नसून ‘बॉर्डरलाइन’ अर्थात सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार असू शकतो. स्त्री-पुरुष दोघांनाही तो होतो.

गैरसमजाचे मूळ

अशा व्यक्तीला दुसऱ्याविषयी काहीच वाटत नाही, हा समज बरोबर नाही. समानुभूतीची दोन अंगे आहेत. दुसऱ्याच्या दुःखाने आपले मन हेलावणे हे पहिले आणि त्याच्या मनात नेमके काय चालले आहे हे ओळखणे हे दुसरे. या विकारात पहिले अंग बहुधा शाबूत, कित्येकदा अतितीव्रही असते. अडचण येते ती दुसऱ्यात. निर्विकार चेहराही रागावलेला भासतो. उत्तरास झालेला विलंब तिटकारा वाटतो. मेंदूतील भयाची सूचना देणारा ‘अमिग्डाला’ हा भाग अशा वेळी अधिक उद्दीपित होतो आणि कपाळामागील भाग त्याला पुरेसा आवर घालू शकत नाही.

घडणारा मेंदू

मेंदू म्हणजे भाजून पक्के झालेले मडके नव्हे. सरावाने त्यातील जोडण्या नव्याने घडू शकतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्शा लाइनहान यांनी याच विकारासाठी विकसित केलेल्या वर्तनोपचाराची चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. भावना आवरणे, संकटात धीर धरणे आणि नाती सांभाळणे यांचा सराव त्यात सुमारे वर्षभर करून घेतला जातो. अशा उपचारानंतर अमिग्डालाची अतिक्रिया कमी झाल्याचे २०१४ मधील एका अभ्यासात आढळले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत, दहा वर्षांच्या अवधीत ९३ टक्के रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षे ओसरलेली दिसली. मात्र कामधंदा आणि नातेसंबंध यांसह पूर्ण सावरलेले रुग्ण निम्मेच होते. म्हणूनच उपचाराला समाजाच्या साथीची जोड हवी.

गावपातळीवरील कर्तव्य

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे चिंतामणीचे स्थान. चिंता हरण करणाऱ्या दैवतावरील श्रद्धेइतकाच वैद्यकीय सल्लाही अगत्याचा आहे. शेतकरी कुटुंबांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प हाती घेतला. त्यात यवतमाळचा समावेश होता. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला मिळतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

शिक्षकांनी अशा विद्यार्थ्याला ‘नाटकी’ ठरवू नये. प्रथम ऐकून घ्यावे, मग शांतपणे आणि स्पष्ट शब्दांत सांगावे. निदान मात्र तज्ज्ञांवरच सोपवावे. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर पोलिसांच्या भीतीने प्रकरण दडपले जाते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानले जाते आणि तिची काळजी घेणे व पुनर्वसन करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. पंचायत सदस्यांनी ही गोष्ट ग्रामसभेत आवर्जून सांगावी. ‘स्वभावच तसा’ या दोन शब्दांपायी कोणाचाही उपचार लांबणीवर पडता कामा नये.