फायटर हवा घेतो, म्हणजे पाणी कसंही चालतं?

भारतातल्या दुकानात याला 'फायटर' म्हणतात, बाकी जगात 'बेटा'. दुकान कुठल्याही देशातलं असो, हा मासा बहुतेक वेळा छोट्याशा बरणीत किंवा प्लास्टिकच्या पेल्यात एकटाच ठेवलेला दिसतो. तुम्ही विचारता, "टाकी केवढी लागेल?" उत्तर येतं, "काही नको हो, हा हवा घेतो." हे उत्तर खरं आहे, पण अर्धंच. नीट ठेवला तर फायटर दोन-तीन वर्षं सहज जगतो. बरेचसे मात्र काही महिन्यांतच मरतात, ते उरलेल्या अर्ध्या उत्तरामुळे.

आधी खरं असलेलं अर्धं बघू. फायटरच्या कल्ल्यांच्या वरच्या बाजूला 'लॅबिरिंथ' नावाचा, घड्याघड्यांचा एक अवयव असतो. पृष्ठभागावर येऊन तोंडात घेतलेल्या हवेतला ऑक्सिजन तिथून रक्तात जातो. आपल्याकडची मरळ याच गणातली. बाजारात टपातल्या बोटभर पाण्यात ती जिवंत राहते, कारण तिलाही हवा घेता येते.

पण हवेतून फक्त ऑक्सिजन मिळतो. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया साठतो, त्यावर हवा हा उपाय नाही. अमोनियाने कल्ले जळतात. मुरलेल्या टाकीत काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्राइटचं बरंच सौम्य असं नायट्रेट. हे जिवाणू पुरेसे वाढलेले नसतील तर नायट्राइट साठतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकदच कमी होते. मग वर येऊन कितीही हवा घेतली तरी उपयोग नाही. म्हणजे दुसरा मासा जिथे लवकर मरून इशारा देईल, तिथे फायटर मुकाट्याने तग धरतो आणि आपल्याला वाटतं, सगळं ठीक चाललंय.

आता हाच मासा जेद्दाच्या उत्तरेला, किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीतल्या एका फ्लॅटमध्ये ठेवून बघू. इथलं नळाचं पाणी म्हणजे तांबड्या समुद्राचं, क्षार काढून गोडं केलेलं पाणी. अशा पाण्यात नंतर थोडे क्षार परत मिसळतात आणि क्लोरीन टाकतात. क्लोरीनसाठी दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन पुरतं. खरी गोम क्षारांत आहे. अमोनियावर काम करताना जिवाणू आम्ल तयार करतात. पाण्यात क्षार कमी असतील तर ते आम्ल शोषलं जात नाही आणि पीएच हळूहळू घसरतो. तो फार खाली गेला की जिवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साठू लागतो. मात्र कमी पीएचला तो बहुतांशी अमोनियम या निरुपद्रवी रूपात असतो, त्यामुळे मासा ठणठणीत दिसतो.

मग एक दिवस तुम्हाला त्याची दया येते आणि तुम्ही अर्धं पाणी बदलता. ताज्या पाण्याचा पीएच ८ च्या आसपास असला तर टाकीतला पीएच एकदम चढतो. २५ अंशांना पीएच ७ असताना साठलेल्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी अमोनिया असतो, पीएच ८ ला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. संध्याकाळी पाणी बदललं, सकाळी मासा गेला. दोष ताज्या पाण्याला दिला जातो, पण खरं कारण आधीचे कित्येक आठवडे न बदललेलं पाणी असतं.

म्हणून नियम साधा आहे: थोडं बदला, पण दर आठवड्याला. साधारण २० लिटरची टाकी, संथ चालणारा स्पंज फिल्टर आणि आठवड्याला पाव हिस्सा पाणी. स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतील, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. पाणी आधीच फार जुनं झालं असेल तर रोज दहावा हिस्सा बदलत सावकाश मार्गावर आणा. आणि एसीच्या कोरड्या हवेत पाणी उडतं तेव्हा वरून घातलेली भर म्हणजे पाणी बदलणं नव्हे. उडतं ते फक्त पाणी, घाण मागेच राहते.

बाहेर चाळीस अंश असले तरी या माशाला हीटर लागू शकतो, हे ऐकून हसू येईल. पण घरात एसी २२ वर असतो आणि फायटरला २५ ते २८ अंश मानवतात. टाकीवर झाकण ठेवा, खाली थोडी हवेची जागा सोडून. म्हणजे तो वर येऊन घेतो ती हवा दमट आणि कोमट राहते.

शेवटचं संकट उन्हाळ्याच्या सुट्टीत येतं. तुम्ही महिनाभर भारतात जाता, एसी बंद करता आणि बंद घरातली टाकी तापत जाते. अशा वेळी टाकीच शेजाऱ्यांकडे हलवा. रोजचं खाणं औषधाच्या गोळ्यांच्या डबीत कप्प्याकप्प्याने भरून द्या, नाहीतर प्रेमापोटी जास्त घातलं जातं. आणि पाव हिस्सा पाणी कसं बदलायचं ते त्यांना एकदा समोर करून दाखवा. मासा वर येऊन हवा घेताना दिसला म्हणजे तो बरा आहे असं नाही, हेही सांगा.