नाव घेऊनच आलेली मुले

१८२१ साली आजच्या नैऋत्य नायजेरियातल्या ओशोगुन गावावर गुलाम धरणाऱ्यांची धाड पडली. पकडलेल्यांत बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा होता. तो या हातातून त्या हातात विकला जात अखेर समुद्रकिनाऱ्याला पोहोचला आणि पोर्तुगीज जहाजाच्या तळघरात कोंबला गेला. १८२२च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश आरमाराने ते जहाज अडवले आणि त्याला सिएरा लिओनला उतरवले. तिथे १८२५ साली त्याचा बाप्तिस्मा झाला आणि इंग्लंडमधल्या एका पाद्र्याचे नाव त्याला मिळाले : सॅम्युएल क्राउदर. पुढे त्याने आपल्या मातृभाषेचा शब्दसंग्रह छापला, बायबलचे भाषांतर केले, आणि १८६४ साली तो अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकी बिशप झाला. हरवलेली आई त्याला १८४६मध्ये अबेओकुटा शहरात सापडली, तेव्हा ताटातुटीला पंचवीस वर्षे झाली होती.

या बिशपची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. १८०९ हे वर्षही अंदाजाचेच. पण त्या दिवशी तो आईच्या पोटातून बाहेर कसा आला, हे आजही सांगता येते : पालथा, जमिनीकडे तोंड करून. कारण त्याचे घरचे नाव होते अजायी, आणि योरुबा लोकांत अशा बाळाला दुसरे नाव असूच शकत नाही.

त्याच काळातली एक मुलगी. दाहोमीच्या राजाने गुलाम म्हणून ठेवलेली; १८५० साली फोर्ब्स नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने तिला इंग्लंडला नेले, आणि राणी व्हिक्टोरियाने तिच्या शिक्षणाचा भार उचलला. तिचे नाव झाले सारा फोर्ब्स बोनेटा. यातले 'फोर्ब्स' अधिकाऱ्याचे आणि 'बोनेटा' त्याच्या जहाजाचे! १८६२ साली ब्रायटनला तिचे लग्न झाले, तेव्हा नोंदवहीत मात्र आणखी एक नाव उमटले : 'इना'. म्हणजे आयना. नाळेचा वेढा गळ्याभोवती घेऊन आलेली मुलगी. मुलगा असता तर तो ओजो झाला असता. आईबाप गेले, गाव जळले, भाषा सुटली. सुईणीने पाहिलेली ती एक गोष्ट तेवढी राहिली.

योरुबा समाज नायजेरियाच्या नैऋत्य भागात, शेजारच्या बेनिन देशात आणि टोगोत पसरलेला, चार कोटींहून मोठा. त्यांच्याकडे नावांचे मुख्य प्रकार तीन. बाळ 'स्वर्गातून सोबत आणते' ते आमुतोरुनवा. घरचे विचार करून ठेवतात ते आबिसो. आणि तिसरे ओरिकी : आजी-आई लाडाने, कौतुकाने हाक मारतात ते, मुलीला अशाके किंवा आमोके, मुलाला अजानी किंवा अकान्नी. पहिल्या प्रकाराची गंमत अशी, की तिथे नाव ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. बाळ नाव घेऊनच आलेले असते, मोठ्यांनी ते फक्त ओळखायचे. मला हा सगळा प्रकार सुईणीच्या दप्तरासारखा वाटतो. लिहिता न येणाऱ्या समाजाने प्रसूतीची नोंद कागदावर न ठेवता माणसावरच ठेवली.

आणि ती नोंद किती बारीक! पाय आधी आले तर इगे. पडदा न फाटता बाळ त्यातच गुरफटून आले तर ओके; पडद्याच्याच निरनिराळ्या तऱ्हांवरून मुलगा सालाको, मुलगी तालाबी. दिवस भरून गेले तरी पोटातच रेंगाळले तर ओमोपे. आधीच्या बाळंतपणानंतर पाळी न येताच गर्भ राहिला तर इलोरी. सहा बोटे असली तर ओलुग्बोदी. केसांच्या जटा घेऊन जन्मले तर दादा. मराठी कानाला दादा म्हणजे थोरला, दटावणारा. तिथे तो जटांचा तान्हा आहे. त्याच्या केसांना लवकर कात्री लावत नाहीत, फणीही जपून. ओयो साम्राज्याच्या दंतकथांत शांगो या वज्रदेवतेचा भाऊ दादा अजाका नावाचा राजा होता, त्यामुळे जटांना राजवैभवाचीही किनार आहे.

वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर यातल्या काही घटना दुर्मीळ आणि काही अगदी रोजच्या. दिवस भरल्यावरही पायाळू किंवा बैठ्या स्थितीत राहणारी बाळे शंभरात तीन-चार. नाळेचा वेढा मात्र चार-पाच बाळांत एकाला असतोच. ओजो आणि आयना ही नावे पदोपदी भेटतात, ती यामुळेच असावीत. पायाळू माणसाची दखल आपल्याकडेही घेतली गेली : त्याला विजेचे भय, त्याला जमिनीखालचे पाणी दिसते, उसण भरली तर त्याचा पाय पाठीला लावून घ्यावा. पण मराठीत पायाळू हे विशेषण राहिले. बारशाच्या पाळण्यात ते कुणी घातले नाही.

बारसे तिथेही आहेच. सॅम्युएल जॉन्सन या ओयोतल्या पाद्र्याने योरुबांचा जाडजूड इतिहास लिहून १८९७ साली हातावेगळा केला. ते हस्तलिखित विलायतेत गहाळ झाले, जॉन्सन १९०१मध्ये वारला, आणि त्याच्या भावाने टिपणांवरून ते पुन्हा उभे करून १९२१ साली छापून आणले. त्यात नावांवर स्वतंत्र प्रकरण आहे. मुलाचे नाव नवव्या दिवशी, मुलीचे सातव्या, जुळ्यांचे आठव्या, असा जुना शिरस्ता तो नोंदवतो. आता सगळ्यांचेच आठव्या दिवशी होते. जॉन्सनच्या काळी छपरावर पाणी उडवत आणि वळचणीखाली बाळाला धरत. थेंब पडून ते रडले की लोक खूश. मग मध, मीठ, पाणी, कोला आणि कडू कोलाची फळे, तिखट अताऱ्याचे दाणे, एकेक पदार्थ आशीर्वादासह बाळाच्या ओठांना. हल्ली पाण्याच्या वाडग्यात नाणे किंवा नोट टाकून ज्याने-त्याने आपल्या पसंतीचे नाव सुचवायचे. म्हणून एकेका योरुबा माणसाला सात-आठ नावे असणे काही नवलाचे नाही, आणि आजीने ठेवलेल्या नावाने फक्त आजीच हाक मारते.

सुचवलेल्या या नावांतही परिस्थिती डोकावतेच. सणाच्या दिवशी जन्मला तो अबिओदुन, वाटेत प्रवासात जन्मला तो अबिओना, पावसात आली ती बेजिदे. आजोबा वारल्यावर घरात मुलगा झाला की बाबातुंदे, बाप परत आला. आजीनंतर मुलगी झाली की येतुंदे किंवा इयाबो. शोकानंतरच्या बाळाला एकुंदायो, रडण्याचा आनंद झाला. नाव ठेवण्याआधी घराकडे पाहावे, असे योरुबांत म्हणतात. घर म्हणजे घराणेही : राजकुळाच्या नावात 'अदे' म्हणजे मुकुट येतो, ढोल वाजवणाऱ्यांच्या नावात 'आयान', शिकाऱ्यांच्या 'ओदे', इफाचे दैवज्ञ असतील तर 'इफा' किंवा नुसते 'फा'.

जुळ्यांची गोष्ट सगळ्यांत रंगतदार. जो आधी बाहेर येतो तो ताइवो आणि मागून येतो तो केहिंदे, मुलगा असो वा मुलगी. पण थोरला कोण? केहिंदे! त्याने धाकट्याला पुढे धाडले, जग चाखून ये म्हणून. ताइवोने रडून खबर दिली, मग हे महाराज सावकाश आले. जुळ्यांच्या पाठीवरचे मूल इदोवू, त्यानंतरचे अलाबा. इदोवू हट्टी, खोडकर असणार हे ठरलेलेच, आणि तो जन्मलाच नाही तर जुळ्यांच्या आईच्या डोक्यावर परिणाम होतो, असा समज. म्हणजे एका प्रसूतीने पुढच्या दोन बाळांची नावेही ठरवून टाकली.

या नामावळीमागे वास्तव आहे. पॅट्रिक नायलँडर या डॉक्टरांनी १९६०-७०च्या दशकांत इग्बो-ओरा या गावात मोजणी केली, तेव्हा हजार प्रसूतींमागे ४०हून अधिक जुळी आढळली; युरोपात तेव्हा हा आकडा १०-१२च्या घरात होता. एकाच बीजाच्या जुळ्यांचे प्रमाण जगभर जवळपास सारखे असते, इथे वाढलेली आहेत ती दोन बीजांची. कुणी सुरणासारख्या यामकंदाकडे बोट दाखवतो, कुणी आनुवंशिकतेकडे. कंदाचे काही सिद्ध झालेले नाही. जुळी जास्त म्हणजे त्यांतली दगावणारीही जास्त. गेलेल्या जुळ्याची वीतभर लाकडी मूर्ती कोरून घेत, तिला न्हाऊ-माखू घालत, तिला खाऊ देत. जगभरच्या संग्रहालयांत या इबेजी मूर्ती काचेमागे मांडलेल्या दिसतात, आणि पुष्कळ मूर्तींचे चेहरे आईच्या हाताने चोळून चोळून गुळगुळीत झालेले असतात. जुन्या काळी काही योरुबा भागांत जुळी अशुभ मानून मारलीही जात, मग ती पूजनीय ठरली. ही उलथापालथ नेमकी कशाने झाली, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

गुलामांच्या जहाजांतून ही नावे अटलांटिक ओलांडून गेली. क्युबात जुळ्या देवता ताएबो आणि काइंदे या नावांनी पुजल्या जातात. ब्राझीलमध्ये त्यांनी कोस्मे आणि दामियाव या ख्रिस्ती संतांचा वेश घेतला, तरी दोघांच्या मध्ये एक छोटी तिसरी आकृती असते : दोउम. तोच आपला हट्टी इदोवू. आणि फ्रीटाउन, हवाना इथल्या न्यायालयांनी सोडवलेल्या बंदिवानांच्या नोंदवह्या केल्या. त्यांत ९०,०००हून अधिक आफ्रिकी नावे आहेत. कोणत्या जहाजात कुठल्या मुलखातली माणसे होती, हे इतिहासकार आज त्या नावांवरून ताडतात. कारकुनाने वेडेवाकडे लिहिलेले ओजो किंवा आयना म्हणजे ते नाव धारण करणाऱ्याच्या मुलखाचाही पत्ता.

आता अबिकू. ही नावे सुईणीच्या दप्तरातली नव्हेत, स्मशानाच्या दप्तरातली. एकाच आईची मुले एकामागून एक दगावू लागली, की तेच एक मूल पुन्हा पुन्हा येते आणि पुन्हा पुन्हा जाते असे मानत. त्याचे सवंगडी वर आहेत, ते त्याला बोलावतात. मग गेलेल्या बाळाच्या अंगावर खूण करून ठेवायची, परतला तर ओळखू यावा म्हणून. आलेल्याच्या पायात घुंगरू आणि लोखंडी वाळे. आणि नाव असे, की त्याची वाटच अडावी. मालोमो : पुन्हा जाऊ नकोस. बांजोको : माझ्याजवळ बस. रोतिमी : माझ्यापाशी राहा. दुरोजाये : थांब, आयुष्य भोगून घे. दुरोसिन्मी : थांब, मला माती द्यायला थांब. विनवणी संपली की धाक. अकिसातान : गुंडाळायला चिंध्या उरल्या नाहीत. इग्बेकोयी : रानालाही हा नको आहे. कोसोको : खड्डा खणायला कुदळ नाही. १८४५ ते १८५१ लागोसच्या गादीवर बसलेल्या आणि ब्रिटिश तोफांनी हुसकावलेल्या राजाचे नाव कोसोको होते. साम्राज्याच्या कागदपत्रांत ते शेकडो वेळा येते. ते नाव एका धास्तावलेल्या घरातून आले आहे, हे तिथे कुणाला जाणवत नाही.

वोले शोयिंका आणि जे. पी. क्लार्क या दोघांनीही 'अबिकू' याच नावाची कविता लिहिली. बेन ओक्रीच्या ज्या कादंबरीला १९९१ साली बुकर मिळाले, तिचा निवेदक अबिकूच आहे. साहित्याने या मुलाला स्वर दिला. दवाखान्याने त्याच्या रक्तात पाहिले. नायजेरियात दरवर्षी सुमारे १,५०,००० बाळे सिकलसेलचा आजार घेऊन जन्मतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. बाळ गुटगुटीत जन्मते, काही महिन्यांनी हातपाय सुजतात, ताप, पिवळेपणा, आणि जाते. पुढच्यालाही तसेच होऊ शकते, त्याच खुणा, तेच दुखणे. तेच मूल परत आले असे आईला वाटले तर त्यात तिचे निरीक्षण चुकले नव्हते. शेजारच्या इग्बो समाजात अशा मुलांना ओग्बांजे म्हणतात, आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासलेल्या ओग्बांजे मुलांपैकी पुष्कळांना सिकलसेल निघाला. सगळेच अबिकू या आजाराचे नव्हेत. मलेरिया, गोवर, अतिसार यांनीही घरे ओस पाडली.

विदर्भात, नंदुरबारात हाच सिकलसेलचा आजार आहे, आणि मूल जगावे म्हणून केलेली नावेही आपल्याकडे होतीच : दगडू, धोंडू, केरू, उकिर्डा, भिकू. पण रोख वेगळा. आपले नाव मृत्यूला फसवते; हा केर आहे, याला नेऊन काय करशील, असे सांगते. योरुबा नाव बहुधा थेट बाळाशीच बोलते. अकिसातानसारखी तिरस्काराची नावे तिथेही आहेत, तरी जोर आर्जवावर. परिस्थितीचे नाव जन्मभर सलू शकते, हेही खरे. २०११मध्ये सातारा जिल्ह्यात २८५ 'नकुशां'नी सरकारी समारंभात नवी नावे घेतली. प्रसूतीत बाळ पालथे होते एवढेच सांगणारे नाव आणि तू नको होतीस असे सांगणारे नाव, या दोघांना एकाच पंक्तीत बसवणे मला जमत नाही.

नावे तिथेही बदलत आहेत. ख्रिस्ती झालेल्या घरांनी जुन्या देवांची नावे काढून तिथे परमेश्वर बसवला : फाबुन्मी, इफाने मला दिले, याचे ओलुबुन्मी झाले. नव्या पेंटेकोस्टल चर्चांच्या प्रभावाखाली 'जेसू' जोडून घेणारेही पुष्कळ. गंमत म्हणजे अजायी, इगे, ताइवो यांना फारसा धक्का लागला नाही. त्यांत देवच नाही, फक्त घडलेली गोष्ट आहे, त्यामुळे मुसलमान घरातली जुळीही ताइवो आणि केहिंदेच राहिली. ओबामांचे अधिकृत चित्र २०१८ साली ज्याने काढले तो अमेरिकन चित्रकार केहिंदे वायली. त्याच्या जुळ्या भावाचे नाव सांगायची गरज नाही. या नावांना खरा धक्का दिला तो आडनावाच्या पद्धतीने. शाळा, चर्च, सरकारी कचेरी यांना कुटुंबाचे एक कायमचे नाव हवे होते, म्हणून आजोबांचे अजायी गोठून आडनाव झाले. आता सरळ डोक्याकडून जन्मलेले कित्येक अजायी आहेत आणि एकटे जन्मलेले कित्येक ताइवो.

वैद्यकानेही जुन्या नोंदींना थोडी ओहोटी लावली असेल, पण नवी परिस्थिती आली की नाव तयार असते. समुद्रापार जन्मून मायदेशी आणलेल्या बाळाला तोकुन्बो म्हणतात. पूर्वी हे नाव विरळा होते. लंडन, ह्यूस्टनला योरुबा वस्ती वाढली तसे ते घरोघरी झाले. पुढे युरोपातून वापरलेल्या मोटारी जहाजाने लागोसच्या बंदरात उतरू लागल्या, तेव्हा बाजाराने त्यांनाही तेच नाव दिले. आज लागोसमध्ये तोकुन्बो विकत घ्यायचा म्हटले, तर माणूस आधी इंजिन कसे आहे ते विचारतो.